एक थेंब

मोरजीच्या वाळूत पळवली गाडी.
आता मागचं उजवं चाक
झोपेत दात खाल्ल्यासारखं करकरतं.

इझिदोर स्कूटरच्या इंजिनांचा माणूस,
पण या एवढ्याशा बेअरिंगपुढे
कपाळावरचा चष्मा नाकावर घेतो.
टाचणीनं झाकण उचकटतो.
फेणीच्या बाटलीत हल्ली रॉकेल असतं,
ते बशीत ओततो.
"हालय गो. घाय नाका."

मी हलवते.
बशीच्या तळाशी
चिमूटभर समुद्र बसतो.

पुसून, वाळवून
पेन्सिलीच्या टोकावर चढवते, फुंकर मारते –
फिरतं,
आवाज न करता
फिरतच राहतं.

तेल एकच थेंब.
दुसरा दिला की वाळूला आवतण.

भाऊ बोटीवर गेला त्याला आठ महिने झाले.
गाडी त्याची.
वाळू माझी.