छाट

अशोक चौकाच्या मागं, पिठाच्या गिरणीवर
मल्लेशमअण्णाचा स्टुडिओ.
भिंतींना सेकंड मालाच्या चादरी ठोकलेल्या:
मोर आहे, पण मोराला डोळा नाही,
कमळ अर्ध्यात रंग विसरलेलं.
आतला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.
बाहेरचा आत येतो त्याला इलाज नाही,
खाली ज्वारी दळतच असते.

इथं भजनं झाली, तीन नगरसेवक निवडून आले,
घंटागाडीतली बाईसुद्धा इथलीच.
अण्णानं विचारलं, किती गाणी?
नऊ.
किती वेळ?
एकोणीस मिनिटं.
आमचं एक भजन मावत नाही बे एवढ्यात, म्हणाला,
मी पैसे तासावर घेतो. तुमच्यात उपाशी मरेन.

बँडचं नाव खटका.
श्यामला गड्डम गाते. गाते म्हणणं चूक,
श्यामला ओरडते,
पण बेसूर आहे असं कुणी सिद्ध करून दाखवावं.
दिवसा विड्या वळते.
संध्याकाळी कारखान्यात चेकर हजारातून मूठ काढतो,
ही सैल, ही वाकडी, हिचं पान फाटकं,
छाट.
छाटचे पैसे नाहीत.
छाट परतही नाही.
मग ती कुठं जाते?
हे आमचं पहिलं गाणं, पंचेचाळीस सेकंदांचं.
‘ती कुठं जाते’ अकरा वेळा,
बाराव्यांदा नुसता श्वास.

ड्रमवर मुजम्मिल.
चार वर्षं यंत्रमागावर काढलेला माणूस
ठेका शिकत नाही, विसरायला शिकतो.
त्याला सावकाश वाजव म्हणा,
हात थरथरतात.

मी इरण्णा, बास, चारपैकी तीन तारा.
चौथी गड्ड्याच्या जत्रेत तुटली,
पुण्याहून मागवायची होती, राहिलं,
नंतर तीनच बऱ्या वाटायला लागल्या.

तिसरा दिवस, सहावं गाणं.
पारा त्रेचाळीसवर आणि पंखा बंद,
कारण पंखा माईकमध्ये येतो.
पहिल्यांदाच सगळं जुळून आलेलं,
घामानं माझं बोटही घसरत नव्हतं,
आणि समोरच्या बोळातून, आंधळा मोर भेदून
श्यामलाच्या आईची हाक:
नीळ्ळोच्चिनय्!

पाणी आलं. पाचव्या दिवशी.
श्यामला ओळ तोंडात घेऊनच जिना उतरली.
हेडफोन खुर्चीवर हेलकावत राहिला.
मुजम्मिल थांबला नाही,
कामगार उठून गेला म्हणून माग थांबतो का?
मग मीही थांबलो नाही.
तिच्या जागी, तिच्या माईकमध्ये,
बोळातल्या नळाखाली घागर भरत गेली.
घागर भरताना आवाज चढतो,
खर्जातून निघतो
आणि गळ्याशी येऊन अडतो.
मग दुसरी घागर.
मग पातेलं, त्याला गळाच नाही, तो वेगळाच सूर.

ती आली तेव्हा गाणं संपलेलं,
कोपरापर्यंत ओली, दम लागलेला.
अण्णानं मशीन बंद केलं नव्हतं.
त्यानं कागदावर चुका लिहून काढल्या:
एक हाक, दोन घागरी, एक पातेलं,
गिरणीचा पट्टा, कुत्रं, आणि इरण्णाची नसलेली तार.
हे सगळं छाटायचं ना? म्हणाला.
तीस वर्षं त्यानं बुवांचा खोकला छाटलाय,
हात बसलेला आहे त्याचा.

श्यामलानं ओढणीला हात पुसले.
काढलं तर पैसे कमी होतात का? तिनं विचारलं.
नाही.
मग ठेव सगळं.

अल्बमचं नाव त्यावरून पडलं.
दोनशे पेनड्राइव्ह केले, विडीच्या कट्ट्यासारखे
कागदात गुंडाळून, दोऱ्यानं बांधून.
एकशेदहा अजून मुजम्मिलच्या पलंगाखाली आहेत.
चेकरचा पोरगा एक घेऊन गेला, फुकट.

बिल झालं तेव्हा पाहिलं,
पाण्याची वीस मिनिटं अण्णानं धरलीच नव्हती.
विचारलं, तर नजर चुकवून म्हणाला,
मीपण त्या वेळी घरी फोन लावत होतो,
पाणी आलं का म्हणून.