शेरा

शारजाच्या वाळवंटाकडच्या अंगाला आमची वस्ती. नाव सजा.
घरी पत्ता कळवला तेव्हा आई घाबरली.
वडील म्हणाले, अगं, तलाठ्याचा असतो तसला सजा असेल.
दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं.

मी स्टोअरकीपर. पत्र्याचे डक्ट, रिव्हेट, काचलोकरीचे गठ्ठे,
आवक-जावक रजिस्टर.
त्याच रजिस्टरात मागच्या पानापासून, उलटीकडून,
मी जाखडीचा हिशोब लिहायला लागलो:
कॅसेट नंबर चार. गौरी-गणपतीतली बारी, रात्र दुसरी.
आणली इब्राहिम परकारने, कोकमांच्या पिशवीतून.
दिली खोली नऊला. परत आली चिकट.

आधी आम्ही तिघंच.
मग अजमानहून एक सुतार आला,
जेबेल अलीहून दोन बस बदलून संगमेश्वरचे दोघे,
एकाच्या हातात पानाच्या डब्यासारखी जपलेली
बापाने भरलेली टेप.
दोन टेपरेकॉर्डर तोंडाला तोंड लावून ठेवायचे
आणि पंचेचाळीस मिनिटं कुणी खोकायचं नाही.
तरी सहा नंबरच्या कॉपीत अनाजी गोताडची शिंक आहे.
नवी पोरं ती तालात धरतात.
त्यांना वाटतं, मुळातच आहे.

मग व्हायचं तेच झालं.
खोलीत शक्तीवाले निघाले, तुरेवाले निघाले,
चार दिवस डाळ वेगळी शिजली.
परकार म्हणाला, मला दोन्ही सारखे.
त्याला दोन्हीकडची भांडी घासावी लागली.

एकोणीस नंबरवर शाहीर गोविंद आग्रे
समोरच्या तुरेवाल्याला विचारतो:
समुद्र गेला आटून गड्या,
मीठ राहिलं कुणाच्या घरी?
ढोलकी थांबते.
कुणाच्या तरी पायातला चाळ एकदा वाजतो.
आणि टेप संपते.

अकरा वर्षं.
सुट्टीवर जाणाऱ्या प्रत्येकाला ताकीद, जवाब आण.
ज्याने भरली तो वापीला गेलेला,
तुरेवाला शाहीर वारलेला,
त्याच्या पेटीत वह्यांऐवजी निघाली वाळवी.
मग जो तो आपापला जवाब करू लागला.
मीठ कोळणीच्या टोपलीत.
मीठ लोणच्याच्या बरणीत.
मीठ सावकाराच्या जिभेवर, हा अनाजीचा,
त्याला टाळ्या पडल्या, पण कुणाचं समाधान झालं नाही.

शेवटी शाहिराच्या नातवाचा नंबर मिळाला.
एका शुक्रवारी परकारचा फोन उपड्या बादलीवर,
भोवती सव्वीस माणसं, पंखा बंद, आवाज नको म्हणून.
तिकडे नातू म्हाताऱ्याच्या कानात ओरडून आमचा प्रश्न सांगतो.
म्हणजे त्याचाच प्रश्न.
"कुठला समुद्र?"
मग बराच वेळ नुसता श्वास.
"बाबांनो, माझ्या नाय ध्यानात.
तुम्हीच सांगा, तुमच्याकडं काय हाय?"

कुणाची तयारी नव्हती.
दत्ताराम भुवड, जो इतकी वर्षं फक्त बॅटऱ्या उन्हात ठेवायचा,
उठला. दोरीवरचा स्वतःचा शर्ट काढला,
न धुतलेला, कालचा, छपरावरच्या कामाचा,
आणि फोनसमोर पाठ उलगडून धरली,
जणू फोनला दिसतंय.
खांद्यापासून कमरेपर्यंत पांढरी किनार,
आत आणखी एक किनार, भरती येऊन गेल्यासारखी.
"हितं," म्हणाला. "पाठीवर."

परकारने ते नातवाला सांगितलं. नातवाने कानात.
आम्ही थांबलो.
कार्डातले दिर्हम थांबत नव्हते.

"हं," म्हातारा म्हणाला.
"जागा बरोबर हाय. पण मात्रेत नाय बसत रे."
आणि लाइन तुटली.

त्या रात्री रंगाचा रिकामा डबा उपडा घालून
आम्ही पाठीवर ठोकून पाहिलं, पाठीवरती ठोकून पाहिलं,
शक्तीवाला तुरेवाल्याला म्हणाला, तू मधे आस धर, मी उचलतो.
साडेचारला कामाची गाडी येऊन हॉर्न देऊ लागली.

रजिस्टर, उलटी बाजू, पान सत्तेचाळीस:
आवक: जवाब, नग एक. आणणार: द. भुवड.
शेरा: दोन मात्रा कमी.