सोळा तासांचा दिवस

कार्तिक लागला की महादुल्याचा सूर्य
कामचुकार होतो.
सव्वासहा झाले तरी कोराडीच्या चिमण्यांआडून
तोंड काढत नाही,
आणि साडेपाचला पसार.

वैरागडे डॉक्टर सांगून गेले,
"अकरा तासांवर कोंबडी बसत नाही, बाई. सोळा पाहिजेत.
वाढवलेला दिवस चालतो, घटवलेला नाही."
म्हणून उरलेले पाच मी लावते,
अडीच पहाटे,
अडीच दिवेलागणीनंतर.

टायमर आहे भिंतीला. पण लाइट गेली
की तो जागच्या जागी झोपतो,
आणि उठल्यावर त्याला वाटतं, मध्ये काही झालंच नाही.
मग स्टुलावर चढून मी त्याचा कान पिळते.

बल्ब पिवळे.
लख्ख पांढऱ्यात त्या एकमेकींना टोचतात,
रक्त दिसलं की थांबत नाहीत.
पिवळ्यात जरा माणसात असतात.
दर शनिवारी फडकं. खाद्याचा धुरळा बसला
की त्या कोपऱ्यात संध्याकाळ होते.
कुठला बल्ब पुसायचा राहिला
ते पराते शेठ अंडी मोजून सांगतो.

आईकडे एकच चिमणी होती, घासलेटची.
तिची काच राखेनं पुसायची पाळी माझी.
मनिरामही राखेतच, कोराडीच्या पाइपावर,
ठेक्यानं, रात्रपाळी.
सकाळी येतो, भुवया पांढऱ्या,
"आजचा उजेड म्याच धाडला तुह्या कोंबड्याइले,"
म्हणतो, आणि खिडकीला पोतं टांगून झोपतो.
मी अंधारातच भाकरी थापते.
भांडं वाजलं तर, "काहून व?"

मे महिन्यात त्या दुपारभर चोच वासून धापा टाकतात,
दाण्याला शिवत नाहीत.
तेव्हा मध्यरात्री तासभर दिवस करायचा.
मी पण डबा उघडते.
पाच हजार जणींच्या पंगतीत
वाढणारी मीच, जेवणारीही.

परवा बहात्तरावा आठवडा भरला.
"टायमर काढून ठेव," शेठ म्हणाला.
रात्री गाडी आली. निळा बल्ब लावला एकच,
निळ्यात त्यांना दिसत नाही म्हणे, आपल्याला दिसतं.
पोरं पाय धरून उचलत होती,
एकेका मुठीत चार.
फारशी कुणी ओरडली नाही.
वर्षभरात पहिल्यांदा अख्खी रात्र मिळाली त्यांना,
ती अशी.

आज चारला जाग आलीच.
शेडमध्ये चुन्याचा वास. बटणापर्यंत गेलेला हात
मागे घेतला, पायरीवर बसून राहिले.
मनिराम आला. "लाइट गेली का?"
"नाही."
पोतं मीच टांगलं.

पंधरा दिवसांनी तलंगा येतील.
त्यांना आधी बाराच तास,
मग दर आठवड्याला अर्धा अर्धा वाढवायचा,
एकदम नाही.
तोवर मी पण
अकरा तासांवर.