तीनशे तेरावा मणी

अठरा मे. पारा सेहेचाळीसला टेकलेला,
अमरावती रोडवर डांबर चपलेला धरून ठेवतं.
विभागाच्या संग्रहालयात आज प्रवेश मोफत.
एरवीही मोफतच असतो,
आज फक्त तसं फलकावर लिहिलंय.

सकाळी कुलरमध्ये चार बादल्या ओतल्या,
वाळ्याच्या ताट्या ओल्या झाल्या का ते हाताने पाहिलं,
खुर्च्या मांडल्या साठ.
व्याख्यान अकराला: विदर्भातली शिळावर्तुळं.
समई होती, वात होती, तेलही होतं,
काडेपेटी शेवटी वॉचमनच्या खिशात निघाली.

साडेअकरापर्यंत माणसं सतरा.
नऊ आमचेच, एम.ए. भाग दोन, हजेरीच्या धाकाने.
दोघे नुसते कुलरसाठी.
एक निवृत्त पोस्टमास्तर, दरवर्षी येणारे,
दरवर्षी तेच विचारणारे:
घोड्याच्या कपाळावरचं तांबं एवढं हिरवं काहून?

आणि ती.
नातवाच्या मोटरसायकलवर मागे बसून आलेली,
डोक्याला ओला दुपट्टा, ओच्यात कांदा.
अभिप्रायवहीत नातवाने लिहिलं:
सायत्रा कुमरे, बोरझरी.
मी जरा थबकलो.
आमच्याकडे बोरझरी हे गावाचं नाव नाही,
कपाट क्रमांक चारचं आहे.

व्याख्यानाला ती बसली नाही.
पडद्यावर खंदक सरकत होते, पट्टीने मोजलेले,
ही सरळ चार नंबरला गेली
आणि काचेला नाक लावून उभी राहिली.
लेबल मीच टंकलेलं. नातवाने वाचून दाखवलं:
अकीकाचे मणी, लाल. नग ३१२. उत्खनन: विभाग.

‘तीनशे तेरा,’ ती म्हणाली.

म्हटलं, बाई, नोंदवहीत तीनशे बारा आहेत.
‘नोंदवही तुमच्यापाशी होती.
चायनी माह्यापाशी होती.’

मग सांगितलं, काचेशीच बोलल्यासारखं:
‘दोन्ही हाताईत घमेलं. मातीत दिसला, गुंजेवाणी लाल.
दातात धरला, म्हटलं सायबाले देतो.
तेवढ्यात मुकडदम खेकसला,
अन् मी गिळून बसली.
चार दिवस वाट पाहली, बाप्पा.
कोणाले सांगू? पाच रुपये रोजी होती.
चोर म्हटलं असतं.’

नातू भलतीकडे बघू लागला.
मला हसू आलं, मग गेलं,
कारण ती हसत नव्हती.

किल्ली माझ्याकडे असते. कपाट उघडायला
लेखी परवानगी लागते, ती माझ्याकडे नसते.
तरी उघडलं.
ट्रे टेबलावर ठेवला. ती म्हणाली, मोज.
तिकडे वक्ते लोखंडावर आलेले,
इकडे आम्ही हलक्या आवाजात एकशे चाळीस, एकशे एक्केचाळीस.
एक मणी तिने तळहातावर घेतला
आणि मला, खोटं कशाला सांगू, भीती वाटली
की तोंडात टाकते.
तिने पदराने पुसला. ठेवला.
तीनशे बारानंतर
ती नुसती खाकरली.

पोहे उरले. साठ प्लेटा सांगितलेल्या,
तर्रीचा डबा तसाच भरलेला.
तेरा प्लेटांचे पोहे वर्तमानपत्रात बांधून बोरझरीला गेले.

संध्याकाळी अहवाल.
बिल साठ प्लेटांचं, म्हणून उपस्थिती साठ.
दरवर्षी लिहितो, हात अडत नाही.
आज सहा लिहिला, शून्यापाशी
शाई वाळेपर्यंत पेन तसंच राहिलं.
लिहिलं शून्य. बिल कोण भरणार?

मग नोंदवही काढली, बोरझरीचं पान.
मूळ नोंदीला हात लावायचा अधिकार मला नाही,
पेन्सिल मात्र कोणी मोजून देत नाही.
शेवटच्या रकान्यात, बारीक अक्षरात,
खोडता येईल असं:

येणे बाकी, एक.