सक्शनची बाजू

चँडलरमध्ये जुलैत पहाटे पाचलाच
अंगणातलं सिमेंट तळव्यांना चटका देतं.
मी पंपापाशी उकिडवा बसून
त्याच्या पारदर्शक झाकणातून आत बघतोय.
पाणी अर्ध्यावर, वर हवेचा कप्पा.
चूळ भरल्यासारखं खळखळतंय नुसतं,
थुंकत नाही.

पलीकडे, खोल टोकाला, परतीच्या तोटीतून
बुडबुडे. आज चौथा दिवस.

एफ्राईन येऊन गेला. टोपी मागे सरकवून म्हणाला,
चारशे पंच्याऐंशी डॉलर,
जमिनीखालचा पाइप खणावा लागला तर वेगळे.
मी म्हटलं, बघतो.
हे आमचं सभ्य भाषेतलं 'नाही',
त्याला ते इंग्रजीतूनही बरोबर पोचलं.
तरी फाटकाशी थांबून एक गोष्ट फुकट सांगितलीच त्यानं:
ओल शोधू नकोस.
ही ओढणारी बाजू.
इथून पाणी बाहेर येत नाही,
बाहेरचं आत जातं.

डोक्यात शिरायला वेळ लागला.
गळती म्हणजे माझ्या लेखी
थेंब, डाग, खाली ठेवलेली बादली, पोतेरं.
इथे सगळं कोरडं ठणठणीत
आणि दोष आहेच.

पाण्याची पातळी पाहिली. स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर, ठीक.
जाळीतली बोगनवेलीची फुलं काढली.
सांध्यांना दाढीचा फेस फासला,
कुठे खळी पडते म्हणून वाट पाहिली.
भिंतीवरून लिंडक्विस्टबाई म्हणाल्या,
अहो, ब्लेडही आणून देऊ का?

शेवटी विभावरीच्या डब्यातली एक उदबत्ती घेतली.
वारा नव्हता. धूर ओळंब्यासारखा सरळ.
व्हॉल्व्हच्या दांड्यापाशी सरळ,
युनियनपाशी सरळ,
निचऱ्याच्या बुचापाशीही.
झाकणाच्या कडेला आला आणि वाकला,
आतून कुणी हाक मारल्यासारखा.

पंप बंद केला. झाकण फिरवलं.
खाचेतली काळी रबरी रिंग बोटानं उचलली.
तिच्याखाली एक केस.
लांब. काळा असावा, क्लोरीननं तांबूस झालेला.

लिंडक्विस्टांच्या कुत्र्याचाही असेल.
तो कुत्रा पांढरा आहे.

मुक्ता सहा वर्षांची असताना हे घर घेतलं
ते या पाण्यासाठी.
ती खोल टोकाला तळाशी मांडी घालून बसायची
आणि मी काठावर घड्याळ धरून
तिचे वर येणारे बुडबुडे मोजायचो,
माझाच श्वास कोंडलेला.
एकेचाळीस सेकंद. त्यापुढे तिनं मला मोजू दिलं नाही.
आता ती डुलूथला असते,
तिथला तलाव म्हणे मे महिन्यातही पाय बधिर करतो.

रिंग पुसली. खाच जुन्या टूथब्रशनं घासली.
बोटभर व्हॅसलीन चोळलं, झाकण घट्ट केलं,
बटण दाबलं.
हवेचा कप्पा आक्रसत गेला,
वाटीएवढा, रुपयाएवढा,
मसुरीच्या डाळीएवढा,
गेला.

खोल टोकाचं पाणी सपाट झालं.
आपण काम फत्ते केलं म्हणून मी बघत राहिलो,
मग नुसताच बघत राहिलो.
उदबत्ती कधीच विझली होती.

मुक्ताला लिहिलं: सापडलं. झाकणाची रिंग होती.
तिकडे सात वाजून गेले असतील. लगेच उत्तर आलं:
काय लावलंस?
व्हॅसलीन.
बाबा!! त्यानं रबर फुगतं. पुस आधी.
सिलिकॉनची ट्यूब शेडमध्ये आहे,
माझ्या गॉगलच्या डब्यात.

शेडमध्ये तिचे फ्लिपर, फुटकी तरंगफळी,
वरच्या फळीवर डबा.
डब्यात ट्यूब, निम्म्याहून जास्त वापरलेली,
शेपटीकडून नीट गुंडाळत आणलेली.
झाकणावर मार्करनं तिच्या अक्षरात
दर मार्चची तारीख. पाच मार्च.

मी परत जाऊन पंप बंद केला.