एक ग्रॅम दोनशे

भाद्रपदात ह्यांच्या तोंडावरून वारं गेलं.
सकाळी चूळ भरताना पाणी एका बाजूने सांडलं
आणि उजवा डोळा मिटायचं विसरला.
तोंड हळूहळू जाग्यावर आलं, अर्धंमुर्धं.
डोळा नाही.

अकरा महिने मी त्या डोळ्याच्या बाजूला झोपले.
रात्री मलम, वर ओला कापूस, त्यावर चिकटपट्टी.
पहाटे पट्टी सुटलेली असायची
आणि घोरणारा माणूस माझ्याकडे बघत असायचा.
चाळीस वर्षांच्या संसारात
इतकं टक लावून कधी बघितलं नव्हतं ह्यांनी.

दुकान डिचोलीच्या बाजारात.
खाणी बंद पडल्या तशा
बायका पदराखालून पाटल्या काढू लागल्या.
सोनाराने रडू नये, तराजू हलतो,
असं सासरे सांगत.
आता दर पाटलीमागे ह्यांचा एक डोळा वाहायचा,
दुसरा काटा वाचायचा.
मयेची सुकांती गांवस, दारात नवऱ्याचे दोन ट्रक गंजलेले,
नोटा मोजायच्या सोडून म्हणाली,
"शेट, वायट दिसूं दिऊं नाकात. सोडवीन मी."
काय सांगणार तिला,
की हे पाणी माझं नव्हे, पापणीचं?
त्या दुपारी जेवले नाहीत.

बांबोळीला डॉक्टर ज्युडिट कुलासोंनी
पापणीवर बाहेरून चिकटवून पाहिली
एकेक इवली वजनं.
आठशे मिली. "दोळो धांपात पळोवया, शेट."
फट राहिली.
एक ग्रॅम. अजून तांदळाएवढी फट.
एक ग्रॅम दोनशे,
आणि दुकानाचं शटर उतरावं तशी पापणी खाली आली.

"कसलं हे?"
"भांगर."
हे खुर्चीत सरळ बसले.
"किती टंच?"
"शुद्ध. चोवीस."
"टाका?"
"टाके आहेत, पण ते माझे."
"घट किती धरता?"
"घट नाही, सूज धरा. दोन आठवडे."

मी बाहेर बाकावर.
शेजारी काणकोणची बाई, मांडीवर नातू.
त्याची पापणी जन्मापासून उतरलेली,
मान मागे टाकून बघायचा सगळ्यांकडे, जहागीरदारासारखा.
त्याची उचलायची होती, ह्यांची उतरवायची.
दार एकच.

भूल पापणीपुरती, म्हणून हे आत जागे.
नंतर सांगत होते:
घडीत चीर, आत कप्पा, कप्प्यात सोनं, तीन टाके.
"हात चांगला आहे तिचा.
पिळाचं काम जमलं असतं."

आता डोळा मिटतो.
पुरणाची डाळ शिजताना झाकण बसावं तसा, किंचित उशिरा.
सुकांती परवा व्याज भरायला आली.
डोळा कोरडा.
ती बघत राहिली थोडा वेळ,
मग पावती न वाचताच गेली.

रात्री ह्यांनी गहाणाची वही उघडली.
नावे: शाणू वेरेकर.
सोनं, एक ग्रॅम दोनशे.
मुदतीच्या रकान्यात काही लिहिलं नाही.
म्हणाले, "मी गेलो की तोंडात सोनं ठेवत बसू नका.
वर आहेच."
मी दिवा घालवला.

एक मात्र आहे.
सोनं आपल्या भाराने पडतं, माणूस बसलेला असेल तोवर.
आडवं झालं की त्याला कळत नाही खाली कुठे.
म्हणून दोन उशा सांगितल्यात.
तरी पहाटेपहाटे हे घसरतात उशीवरून
आणि उघडते ती फट,
तांदळाएवढी, माझ्या बाजूची.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना सांगायला हवं.
गेल्या खेपेलाही
सांगायचं राहिलं.