चार किलोबाइट

कोल्हापूरच्या स्टँडवर मासिकासोबत
सीडी फुकट होती, म्हणून सन्मतीनं मासिक घेतलं.
निपाणीत आल्यावरही दोन दिवस
वरचं प्लास्टिक फाडलं नाही त्यानं,
वखारीची धूळ बसेल म्हणून.

मशीननं आधी विचारलं ते हेच,
डिस्कचे तुकडे किती करू?
आमच्या गावात हा प्रश्न असा सहज कोणी विचारत नाही.
सन्मतीनं घाईत एंटर मारला
आणि अण्णांची वखार गेली:
एकोणीस जणांची नावं, बोदांची वजनं, दिलेली उचल,
विंडोजच्या पोटात होतं नव्हतं ते सगळं.
अण्णा ओरडले नाहीत.
माळ्यावरून लाल चोपडी काढली, झटकली, शिंकले,
म्हणाले, ही बघ, हिला करंट लागत नाही.

करंट तर रोज संध्याकाळी जायचाच.
परत आला की काळ्या पडद्यावर मोजणी,
अकरा टक्के, साडेअकरा,
अंधारात जिन्यावरून पडलेला माणूस
आपली हाडं चाचपून बघतो, तसं मशीन.
आम्ही ताटं मांडीवर घेऊन बघत बसायचो.

इराप्पा बडिगेर टेलिफोनात होता,
म्हणून मोडेमचा वैद्य तोच.
सायकल भिंतीला टेकवतानाच विचारायचा,
ऊट आय्ता? जेवण झालं का?
आई आतून उत्तर द्यायची,
आम्हाला नीट ऐकू येऊ नये अशा आवाजात.
तीन महिने मोडेम बोलला नाही.
बोलला तेव्हा गल्लीतली कुत्री उठली.

फाँट कुणाकडेच नव्हते.
सन्मतीची मराठी चौकोन चौकोन,
इराप्पाचं कन्नड चौकोन चौकोन,
अगदी एकसारखे, मोजून बघितले.
इराप्पा पोट धरून हसला.
बाहेर नाक्यावरच्या पाटीचं डांबर
तेव्हा अजून ओलं होतं.

मग सन्मतीनं प्रत्येकाला खातं काढून दिलं.
रूट तो स्वतः, म्हणजे मालक.
अण्णांना एक, मला एक,
आणि प्रत्येकाला होम नावाची जागा,
कुलूप ज्याचं त्यानं लावायचं.
आईला विचारलं, सुलोचनाच टाकू ना?
ती कणीक मळत होती.
पद्मव्वा टाक, म्हणाली.
कोण पद्मव्वा?
मी की. रायबागला.

बारा वर्षांची होते मी.
आईला आधीचं नाव असतं
हे मला त्या मशीनमुळं कळलं.

डिस्क भरली तेव्हा सन्मती म्हणाला,
हिचं काढू या, ही कधी बसतच नाही.
किती जागा अडते माझी?
चार किलोबाइट.
मग असू दे की.

पुढं सन्मती हुबळीला गेला,
मशीन माळ्यावर, लाल चोपडीच्या शेजारी.
यंदा माळा आवरताना ती डिस्क हाती लागली.
केबल जोडली, उघडेल असं वाटलं नव्हतं.
अण्णांच्या घरात एक पत्त्यांचा डाव.
माझ्या घरात नको त्या कविता.
आईचं घर रिकामं,
फक्त एक लपलेली फाईल,
त्या खात्यानं आजवर दिलेल्या सगळ्या आज्ञांची.
मार्चमधला मंगळवार, दुपारचे पावणेतीन,
म्हणजे अण्णा वखारीत, आम्ही शाळेत.

सातवीपर्यंतच्या इंग्रजी अक्षरांत, अडखळत,
तीन वेळा तीच ओळ:
ऊट आय्ता
ऊट आयता
ऊट आय्ता
मशीननं तिन्ही वेळा सांगितलं असणार,
अशी कुठली आज्ञा इथं सापडत नाही.
चौथी ओळ, एक्झिट.

नुसतं बटण दाबून बंद केलं असतं
तर यातलं काहीच उरलं नसतं.
ती दार ओढून घेऊन बाहेर पडली होती.

खाली जाऊन विचारलं, पासवर्ड काय ठेवला होतास?
शेंगा फोडत होती.
अजून सांगत नाही.